गढीखालचं भुयार मोजायचं, तर आधी दिशेचं बघा

लातूरकडच्या एका अभियांत्रिकी कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाच्या चौघांनी विचारलंय. त्यांच्यापैकी एकाचं गाव उदगीरपासून १४ किलोमीटरवर. गावात पडकी गढी आहे आणि गढीच्या पोटात भुयार. दहा-बारा पायऱ्या उतरल्या की वाकून आत जाता येतं. दुसरं तोंड शेजारच्या कोरड्या बारवेच्या भिंतीत दिसतं. ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाला एमपीयू-६०५० (हालचाल मोजणारी चिप) आणि अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर काढणारा) जोडायचा, यंत्र हातात धरून चालायचं आणि नकाशा आपोआप निघायचा, असा त्यांचा बेत आहे. खर्चाची मर्यादा आठ हजार. प्रश्न तीन आहेत: सेन्सर बरोबर निवडलेत का? ते जमलं नाही तर मामाच्या आयफोनमधल्या लायडारनं, म्हणजे लेसरनं अंतरं टिपणाऱ्या स्कॅनरनं, भागेल का? आणि आजोबा म्हणतात भुयार थेट उदगीरच्या किल्ल्यात निघतं, ते मोजून ठरवता येईल का?

मी सर्व्हेअर आहे. पोटासाठी पाटबंधाऱ्याच्या बोगद्यांत टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजायचं सर्व्हेचं यंत्र) ओढलं आणि हौसेपोटी जुन्या नहरी, बारवा, भुयारं मोजली. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

चालता चालता नकाशा काढणारं यंत्र या तीन वस्तूंतून होणार नाही. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजात हा प्रोजेक्ट निघतो आणि दर वर्षी एकाच खड्ड्यात पडतो. एमपीयू-६०५० जागा सांगत नाही, वेगही सांगत नाही. वेग किती बदलतोय एवढंच सांगतं. त्यावरून जागा काढायला दोनदा बेरीज करावी लागते आणि चूकही दोन्ही बेरजांतून फुगत जाते. प्रवेगात दर सेकंदाला, सेकंदामागे अवघ्या एका सेंटिमीटरची चूक धरा. या चिपमध्ये एवढी असतेच. एका मिनिटात ती १८ मीटर होते, दोन मिनिटांत ७२. यंत्र टेबलावर नुसतं ठेवलेलं असलं तरीसुद्धा. म्हणजे तुम्ही पायरीवर बसून चहा प्याल आणि तुमचा नकाशा गावाबाहेर जाऊन येईल.

अल्ट्रासॉनिक तर सरळ काढूनच टाका. त्याचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा पसरतो, समोरची भिंत सोडून बाजूचा पुढे आलेला दगड आधी पकडतो आणि तेच अंतर म्हणून देतो. त्यात आवाजाचा वेग तापमानाबरोबर बदलतो, अंशामागे सेकंदाला साधारण ०.६ मीटरनं. बाहेर ३५ अंशांना यंत्र जुळवलं आणि आत २० अंशांत नेलं, तर चार मीटरवर दहा सेंटिमीटरचा फरक तिथेच पडला. गवंड्याकडचा लेसर टेप घ्या. तो मिलिमीटरात बोलतो, आणि अंधार त्याला उजेडापेक्षा मानवतो. स्वतःच्या हातानं काही बनवायचंच असेल तर व्हीएल५३एल१एक्स नावाची चिमुकली चिप मिळते, चार मीटरपर्यंत चालते. तुमच्या वाकून जायच्या भुयाराला तेवढी पुरते.

एमपीयू मात्र फेकू नका. ते हलताना लबाड आणि थांबल्यावर अगदी प्रामाणिक आहे. स्थिर धरलं की त्याला फक्त गुरुत्वाकर्षण जाणवतं आणि त्यावरून चढ-उताराचा कोन अर्ध्या अंशाच्या आत मिळतो. ५० मीटरांच्या एका दृष्टिरेषेवर अर्धा अंश म्हणजे उंचीत ४४ सेंटिमीटर. भुयारात एवढी लांब रेषा मिळतच नाही, पाच-सात मीटरांचे तुकडे पडतात, म्हणून चालतं. सांगायचं एवढंच की चालू नका, थांबा. ठिकाण, मग ठिकाण, मग पुढचं ठिकाण. दोन ठिकाणांमधलं अंतर, चढ आणि दिशा या तीन आकड्यांची साखळी म्हणजे भुयाराचा कणा. अंतर लेसरनं मिटलं, चढ एमपीयूनं मिटला. उरली दिशा, आणि खरी मारामारी तिथे आहे.

तुमच्या यादीत दिशा देणारा सेन्सरच नाही. एमपीयू-६०५० मध्ये होकायंत्र नसतं. त्यात जायरो असतो, तो वळणं मोजतो, पण मोजता मोजता सरकतो. स्वस्तातला जायरो मिनिटाला एखादा अंश सहज खातो. एक अंश म्हणजे शंभर मीटरवर पावणेदोन मीटर. एक माप घ्यायला तुम्हाला दोन मिनिटं लागणार, वीस ठिकाणं मोजून होईपर्यंत त्याला पूर्व-पश्चिम कळेनाशी झालेली असेल. त्यामुळे तुम्ही चुंबकीय सेन्सर जोडाल. बाजारात एचएमसी५८८३एल म्हणून जो बोर्ड मिळतो त्यावर बऱ्याचदा क्यूएमसी५८८३एल निघतो. बोर्डानं चिपला हाक मारायचा पत्ता वेगळा, प्रोग्रॅमची लायब्ररी वेगळी. दोन दिवस डोकं धरून बसण्याआधी चिपवरची अक्षरं भिंगातून वाचा.

आता मूळ अडचण. आपला मराठवाडा काळ्या पाषाणावर बसलाय. दख्खनचा हा बसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झाला. त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात, आणि थंड होताना त्या काळचं पृथ्वीचं चुंबकत्व त्यांनी धरून ठेवलं. त्यातला बराच भाग थिजला तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते. म्हणजे ज्या दगडाला टेकून तुम्ही होकायंत्र बघणार, त्या दगडाला स्वतःची उत्तर-दक्षिण आहे आणि ती आजच्याशी जुळत नाही. माथ्यावरच्या खडकावर वीज पडलेली असेल तर तेवढ्या हातभर जागेत आणखीच गोंधळ. आपल्याकडे पृथ्वीचं आडवं चुंबकीय क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला. त्याला काटकोनात नुसते पाच मायक्रोटेस्ला येऊन मिळाले की सुई सात अंश वळते. चुनखडीच्या गुहा असलेल्या देशांतली मंडळी सेन्सरचे जे गोडवे गातात ते त्यांच्या दगडापुरते खरे आहेत. तो दगड चुंबकाच्या बाबतीत मुका. आपला बोलका आहे.

सगळीकडे सारखा त्रास होतो असं नाही. गढीची वरची बांधणी पांढऱ्या मातीची, ती फारशी छळत नाही. मुरमात आणि पोकळ्या-पोकळ्यांच्या मांजऱ्या दगडात सुई बऱ्यापैकी वागते. घट्ट काळा पाषाण लागला, किंवा घडीव चिऱ्यांची भिंत जवळ आली, की सावध व्हायचं. चिरे तर जास्तच फसवे, कारण खाणीतून काढून बांधताना प्रत्येक चिरा वेगळ्या अंगावर बसवलेला असतो.

माझी फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावाखालून गेलेली कोरडी नहर आम्ही मोजली. होकायंत्रवाला सेन्सर, लेसर, सगळं नवं कोरं. नहरीवर जागोजाग उभ्या विहिरी असतात, त्यांना उसासे म्हणतात. एका उसाश्यातून उतरलो, दुसऱ्यातून वर आलो. वर आलो तेव्हा गल्लीत पिठाच्या गिरणीसमोर होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. घरी नकाशा काढला तर तोच उसासा गिरणीपासून अकरा मीटर दूर, एका घराच्या स्वयंपाकघरात. दगडाला शिव्या घालत पुन्हा गेलो. अर्धा दोष दगडाचा होता, अर्धा आमचा. माप लिहिणाऱ्या पोराच्या मोबाइलच्या कव्हरात लोहचुंबकाची चकती होती आणि तो आज्ञाधारकपणे दर ठिकाणी माझ्या खांद्याशी येऊन उभा राहायचा. त्या दिवसापासून आत जाण्याआधी मी सगळ्यांचे खिसे, पट्ट्याचं बक्कल, हेडलाइट, चष्म्याची डबीसुद्धा होकायंत्राजवळ फिरवून बघतो. लोकांना हा देवऋषीपणा वाटतो.

यावरचा उतारा डिप्लोमाच्या पहिल्या सर्व्हेच्या पुस्तकात असतो आणि परीक्षेनंतर सगळे विसरतात. प्रत्येक रेष दोन्ही टोकांनी मोजायची. पहिल्या ठिकाणाहून दुसऱ्याकडे बघितलं, दिशा आली ६२ अंश. दुसऱ्यावर जाऊन मागे बघितलं तर २४२ यायला पाहिजे, १८० चा फरक. आली २४९. पहिलं ठिकाण बाहेर मोकळ्यावर होतं, तिथे सुई स्वच्छ आहे याची खात्री आहे. म्हणजे दुसऱ्या ठिकाणी सुई सात अंश पुढे पळतेय. आता त्याच ठिकाणाहून तिसऱ्याकडे बघितलं आणि ९७ आली, तर खरी दिशा ९०. एका जागी उभं राहून घेतलेल्या दोन्ही मापांत चूक सारखीच असते, त्यामुळे त्या दोन रेषांमधला कोन खराच मिळतो. दिशा खोटी असली तरी चालेल, कोन खरा आहे, आणि कोनांवर कोन रचत तुम्ही अख्खं भुयार पार करू शकता. अट एकच: मागचं आणि पुढचं माप घेताना यंत्र तसूभरही हलता कामा नये. भिंतीपासून वीतभर इकडेतिकडे झालं की दगडाची ओढ बदलते. म्हणून यंत्र हातात धरू नका. कॅमेऱ्याचा छोटा ट्रायपॉड घ्या आणि त्यात लोखंडी स्क्रू नाही हे तपासा. पितळी किंवा प्लॅस्टिकचा टाका.

दुसरी एक बारीक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. रेष जितकी आखूड, तितकी दिशेची चूक मोठी. दोन मीटरवरच्या खुणेवर लेसर दोन सेंटिमीटर बाजूला लागला तर अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडतो, आणि तो पुढच्या सगळ्या साखळीला चिकटून जातो. दौलताबादच्या अंधारीतून वर गेला असाल तर वळणावळणाच्या जागेत रेषा किती आखूड पडत असतील याची कल्पना येईल. वळणाच्या आतल्या कोपऱ्यात ठिकाण घेऊ नका. बाहेरच्या अंगाला घ्या, जिथून मागचं आणि पुढचं दोन्ही लांबवर दिसतं.

हे सगळं एका डबीत भरलेलं यंत्रही आहे. स्वित्झर्लंडच्या बीट हेब यांनी लायकाच्या लेसर टेपमध्ये होकायंत्र आणि चढमापकाचं सर्किट बसवून डिस्टोएक्स बनवलं; जगभरचे गुहावाले तेच वापरत आले. मापं ब्लूटूथनं मोबाइलवरच्या टोपोड्रॉइडमध्ये पडतात, रेघा तिथेच दिसतात. ते विकत घ्या म्हणून मी सांगत नाही, तुमच्या बजेटात बसणारही नाही. पण त्याची जुळवणी कशी करतात ते मात्र उचला. चौदा दिशा, प्रत्येक दिशेला यंत्र चार अंगांवर फिरवून, अशी ५६ मापं घेतात आणि त्यातून सेन्सरचे स्वतःचे दोष वजा करतात. तुमच्या जोडणीलाही हेच लागेल, नाहीतर बोर्डवरच्या लोखंडाचा दोष दगडाच्या नावावर जाईल. ही जुळवणी हॉस्टेलच्या गच्चीवर करू नका, स्लॅबमध्ये सळया असतात. रानात मधोमध जा, मोटार, तारा आणि ट्रॅक्टर यांच्यापासून लांब, लाकडी पाटावर यंत्र ठेवून करा. नंतर बॅटरी बदलली तर पुन्हा करा, कारण सेलच्या आवरणातही पोलाद असतं. मापं झाली की सर्व्हेक्स किंवा थेरियन या फुकटच्या संगणक प्रणालींत टाका, साखळी जुळवून तीच देतात.

आता तुमचं नशीब. तुमच्या भुयाराला दोन तोंडं आहेत. एका तोंडाच्या भुयारात मी कितीही काळजी घेतली तरी चूक किती झाली हे कळायला मार्ग नसतो. तुम्ही गढीतून आत शिरायचं, बारवेत निघायचं आणि उघड्यावरून टेपनं, कोनांनी मोजत पुन्हा गढीच्या पायरीवर यायचं. फेरी पुरी झाली. आकडेमोडीत शेवटचा बिंदू पहिल्यावर बसायला पाहिजे, बसणार नाही. समजा फेरी १६० मीटर भरली आणि शेवट दीड-पावणेदोन मीटर चुकला, तर ती साधारण एक टक्का चूक झाली. अशा हातयंत्रांनी एक-दोन टक्के म्हणजे काम चांगलं. आठ मीटर चुकला तर कुठेतरी मोठा घोळ आहे: आकडा उलटा लिहिलाय, एखादं ठिकाण गाळलंय किंवा कोणाच्या खिशात चुंबक आहे. तो शोधून काढा. प्रणालीला सांगून ती चूक सगळ्या रेषांवर सारखी वाटून टाकण्याचा मोह होतो, बटण एकच असतं. ते बटण दाबलं की नकाशा देखणा होतो आणि घोळ कायमचा पुरला जातो.

उंचीचंही तसंच. गढीची पायरी आणि बारवेचा काठ यांच्यातला फरक गवंड्याच्या पारदर्शक नळीत पाणी भरून काढा. ही नळी तुमच्या सगळ्या सेन्सरांपेक्षा अचूक आहे. बारवेच्या काठावरून आतल्या तोंडापर्यंत ओळंबा सोडा. बाहेरची जागा नकाशावर बसवायला मोबाइलचं जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे करतं, आणि भिंतीला चिकटून उभं राहिलात तर आणखी बिघडतं, कारण अर्धं आकाश झाकलं जातं. कॉलेजच्या सिव्हिल विभागात टोटल स्टेशन धूळ खात असेलच. एक दिवस मागून घ्या.

ओळंब्यावरून आठवलं. जमिनीखाली दिशा टिकवण्याची ही अडचण औरंगाबादच्या नहरी बांधणाऱ्यांनाही होती. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीला, म्हणजे याच औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) जागी, शहर वसवलं आणि हर्सूलच्या बाजूनं जमिनीखालून पाणी आणलं. नहर-ए-अंबरी म्हणतात ती हीच. तिला जागोजाग उभे उसासे आहेत. हवा आणि सफाई हा त्यांचा उपयोग सगळे सांगतात. सर्व्हेअरच्या नजरेनं बघितलं तर दर उसासा म्हणजे दिशा पुन्हा तपासून घ्यायची जागा. शेजारच्या बिदरच्या कारेझला आणि बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यालाही, त्याही जमिनीखालच्या नहरीच, अशाच उभ्या विहिरींची रांग आहे. आजही बोगद्याच्या कामात आम्ही हेच करतो. एका उभ्या विहिरीत दोन ओळंबे सोडतो आणि वरची दिशा त्या दोन दोऱ्यांमधून खाली उतरवतो. दोऱ्यांत मीटरभर अंतर असेल आणि दोन मिलिमीटरची चूक झाली, तर शंभर मीटर पुढे ती वीस सेंटिमीटर होते. यात कुठला सेन्सर नाही, बॅटरी नाही आणि काळ्या पाषाणाचा काही संबंध नाही. ओळंबा हलत राहतो म्हणून गोळा तेलाच्या डब्यात बुडवून ठेवायचा, एवढीच युक्ती. तुमच्या भुयाराच्या छताला कुठे भोक असेल, झाडाची मुळं उतरलेली असतील, तिथे वरून दोरी सोडता येते का ते नक्की बघा.

मामाचा आयफोन. २०२० च्या आयफोन १२ प्रोपासून प्रो मॉडेलांत लायडार येतो, त्याची पोच साधारण पाच मीटर. वेरूळच्या कैलासाच्या अंगणात उभं राहून तो वर धरला तर तीसेक मीटर उंचीच्या कड्याचा पायथाच तेवढा दिसेल, पण तुमच्या भुयाराला पोच पुरेशी आहे. पोचीवर अडत नाही, अडतं दुसऱ्याच ठिकाणी. असा फोन काय किंवा लाखो रुपयांचा हातात धरायचा स्कॅनर काय, दोघं एकच करतात: आत्ता दिसतंय ते मघाशी दिसलं त्याच्याशी जुळवतात आणि त्यावरून आपण किती सरकलो ते ठरवतात. याला स्लॅम म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेनं एका स्प्रिंगवर लेसर डोलवत ठेवून झेबेडी नावाचं यंत्र केलं होतं, त्याचंही मूळ हेच. खांब, कोनाडे, मूर्ती असलेल्या लेण्यात हे झकास चालतं, कारण दर पावलाला काहीतरी वेगळं दिसतं. सरळसोट, दोन्ही बाजूंना सारखीच भिंत असलेल्या भुयारात यंत्राला आपण पुढे गेलो की नाही हेच कळत नाही. भिंत तीच, छत तेच. मग चाळीस मीटरांचं भुयार तीस मीटरांचं होऊन बाहेर पडतं, आणि दिसायला इतकं गुळगुळीत की शंकासुद्धा येत नाही.

उपाय घरगुती आहे. विटा, पुठ्ठ्याची खोकी, वेगवेगळ्या रंगांच्या बादल्या मुद्दाम असमान अंतरांवर ठेवा, म्हणजे यंत्राला पकडायला काहीतरी मिळतं. आधी लेसर टेपनं कणा मोजून ठेवा आणि फोनचे दहा-दहा मीटरांचे तुकडे त्या कण्यावर बसवा. कणा फोनला काढू देऊ नका, मांस भरू द्या. जिथे पाणी साठलंय तिथे स्कॅन करताना जपा. स्थिर पाण्यात छताचं प्रतिबिंब पडतं आणि यंत्र जमिनीखाली दुसरं भुयार काढतं. एका उत्साही गड्यानं मला असा ‘खालचा मजला’ दाखवला होता. ओला काळा दगड लेसर पिऊन टाकतो, तिथे नकाशात भोकं पडतात. आणि गढीतली पांढरी माती पायांनी उडाली की ढगच स्कॅन होतो. तेव्हा स्कॅन करणाऱ्यानं पुढे चालायचं, बाकीच्यांनी मागे.

मोठमोठ्यांचीही हीच कथा आहे. अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेनं जमिनीखालचा नकाशा काढणाऱ्या रोबोंची स्पर्धा घेतली होती, अंतिम फेरी २०२१ मध्ये केंटकीतल्या एका जुन्या खाणीत झाली. आत ठेवलेली वस्तू शोधून तिची जागा पाच मीटरच्या आत सांगितली तर गुण. एवढ्या महागड्या यंत्रांना पाच मीटरांची सूट होती. तुम्ही आठ हजारांत आणि दोन तोंडांच्या जोरावर त्याहून चांगलं काम करू शकता.

आठ हजारांतून थोडं वाचलं आणि काही बनवायची खुमखुमी असेलच, तर गोल फिरणारा छोटा लेसर, आरपीलायडार ए१ सारखा, सेकंडहँड मिळतो का बघा. तो जमिनीला आडवा फिरवायच्या ऐवजी उभा फिरवा. दर ठिकाणी थांबून भुयाराचा उभा छेद घ्या: रुंदी किती, छत कुठे वाकलंय, भिंत कुठे फुगलीय. हा छेद पुढे कामाला येतो, कारण पुढच्या उन्हाळ्यात त्याच ठिकाणी पुन्हा घेतला तर भिंत किती सरकली ते दिसतं. पडक्या गढ्यांच्या बाबतीत खरं महत्त्वाचं माप मला हेच वाटतं, आणि ते कोणी घेत नाही.

आत जाण्याआधीच्या चार गोष्टी, आणि यात गंमत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर दोनेक महिने पांढऱ्या मातीच्या गढीखाली शिरू नका, माती पाणी पिऊन जड झालेली असते. फाल्गुनाच्या सुमारास जा. हवा आधी बघा. तुमच्या आजोबांना पेवाचं विचारा. धान्याचं पेव उघडलं की लगेच कोणाला खाली उतरू देत नसत. पेव आदल्या दिवशी उघडून ठेवायचे आणि मग कंदील सोडायचे. कार्बन डायऑक्साइड जड, खाली साठून राहतो, तुमचं पायऱ्या उतरून जायचं भुयारही त्याच आकाराचं आहे. हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गॅस मीटर ओरडायला लागलं की बाहेर. कंदील विझतो तो बराच खाली, सोळा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कंदील जळतोय म्हणून सगळं ठीक असं समजू नका. प्रोजेक्टच्या दुकानात दोनशे रुपयांना मिळणाऱ्या एमक्यू-१३५ वर जीव टाकू नका, तो प्राणवायू मोजतच नाही. अग्निशमन दलाकडे किंवा विहीर-सफाईवाल्या ठेकेदाराकडे खरं गॅस मीटर असतं, मागून न्या. वटवाघळं असतील तर तोंडाला चांगला मास्क, विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसाचा आजार होतो. आणि पिल्लं असतील तर काम पुढे ढकला.

अजून एक आपल्याकडचं. चार पोरं रात्री दिवे, दोऱ्या आणि टूं-टूं वाजणारी यंत्रं घेऊन गढीत शिरली की अख्खं गाव एकच अर्थ काढतं: गुप्तधन. मला एकदा ट्रायपॉडसकट चावडीवर बसवून ठेवलं होतं. गढीच्या मालकाची परवानगी कागदावर घ्या, सरपंच आणि पोलीस पाटलांना आधी सांगा, दिवसा जा, आणि गावातल्या दोन म्हाताऱ्यांना सोबत बोलवा. ते आत येणार नाहीत, पण दारावर बसतील आणि आल्या-गेल्याला समजावतील. आत काही सापडलंच तर हात लावू नका. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि ही हौस उद्या अजिंठा, वेरूळ किंवा दौलताबादला नेऊ म्हणाल तर तिथे साधा ट्रायपॉड लावायलाही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. भिंतीवर रंगानं खुणा कुठेच करू नका. मी पुठ्ठ्याचे तुकडे लाकडी चिमट्यात धरून ठेवतो आणि येताना गोळा करतो.

राहिले आजोबा. मराठवाड्यात ज्या गढीत जावं तिथलं भुयार जवळच्या किल्ल्यात निघतं. देवगिरीला निघणारी भुयारं तर मी मोजायची सोडून दिली. आजोबांना खोटं पाडायला सेन्सर लागत नाही, पण हिशेब मजेशीर आहे. १४ किलोमीटर लांब, मीटरभर रुंद, दीड मीटर उंच, वाकून जाण्यापुरतं भुयार धरा. २१ हजार घनमीटर खोदकाम झालं. ब्रासमध्ये सांगायचं तर जवळजवळ ७,४०० ब्रास. फोडल्यावर दगड फुगतो, दीडपट धरला तर ११ हजार ब्रासच्या वर जातो. आजोबांना विचारा, एवढा मुरूम-दगड टाकला कुठे? तसा ढिगारा शिवारात असता तर रस्त्याच्या ठेकेदारानं कधीच उचलला असता. दुसरं म्हणजे हवा. एवढ्या लांबीत हवा खेळती ठेवायला रानात उसाश्यांची रांग लागली असती, नहरीला आहे तशी.

तरीही विचारताना हसू नका. असल्या आठवणीत बऱ्याचदा एक खरा तुकडा असतो. वेढा पडला तर पाण्यापर्यंत जायची वाट, धान्याचं बळद, बारवेतून गढीत यायचा चोरदरवाजा. तुमचं भुयार बारवेत निघतं, यावरून मला तरी ते पाण्याच्या वाटेचंच वाटतं. आजोबांना गढीपासून उदगीरच्या दिशेनं रानात चालत न्या आणि लहानपणी कुठे जमीन खचलेली, कुठे नांगर अडकायचा, कुठे पावसाचं पाणी एकदम जिरून जायचं, ते दाखवायला सांगा. प्रत्येक जागा मोबाइलच्या जीपीएसनं टिपा. तेवढ्या कामाला त्याची पाच मीटरांची चूक चालते. त्या जागा सरळ एका रांगेत आल्या, तर मला कळवा. माझं टोटल स्टेशन आणि दोन ओळंबे घेऊन मी येतो.